ढाल कर्तव्याची, की कर्त्याची?

संसदेत मांडल्या जाणाऱ्या बहुतेक विधेयकांच्या शेवटच्या पानांवर एक कलम हमखास सापडते. त्याचे शीर्षकही ठरलेले असते : 'सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण'. या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल शासन, प्राधिकरण वा अधिकारी यांच्याविरुद्ध दावा, खटला किंवा अन्य कायदेशीर कारवाई करता येणार नाही, एवढाच त्याचा मजकूर. सभागृहातील चर्चा या कलमापर्यंत सहसा पोहोचत नाही. सदस्य विधेयकाच्या उद्देशांवर बोलतात, शिक्षेच्या तरतुदींवर भांडतात, आपल्या मतदारसंघाचा एखादा प्रश्न जाता जाता उरकून घेतात. मग पीठासीन अधिकारी कलमांचे गठ्ठे एका दमात मतास टाकतात, 'हो'चा आवाज होतो आणि ते कलम कायद्यात जाऊन बसते. पत्रकारांच्या सज्जात तोवर बातमी पाठविण्याची घाई सुरू झालेली असते. प्रस्तुत लेखकही या दुर्लक्षाला अपवाद नाही.

'सद्भावना' या शब्दाचा अर्थ मात्र आपल्या कायद्यात एकच नाही. योग्य ती दक्षता न घेता केलेली कृती सद्भावनेची म्हणता येणार नाही, असे भारतीय दंड संहिता सांगत होती आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिताही तेच सांगते. १८९७ चा 'जनरल क्लॉजेस ॲक्ट' नेमके उलट सांगतो. कृती प्रामाणिकपणे केलेली असली की पुरे. ती निष्काळजीपणे केली होती की नाही, हे पाहण्याचे कारण नाही. याचा अर्थ असा की, फौजदारी संहितेत सद्भावनेचा आधार घेणाऱ्या सामान्य माणसाने आपली दक्षता दाखवून दिली पाहिजे. पण एखाद्या विशेष कायद्याच्या संरक्षक कलमामागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला, त्या कायद्यात वेगळी व्याख्या नसेल तर, निष्काळजीपणाही माफ होऊ शकतो. एकाच शब्दाच्या दोन अर्थांत राज्यकर्ते आणि नागरिक यांच्यातील अंतर मावले आहे.

संरक्षणाची ही कल्पना मुळात चुकीची आहे, असे मात्र कोणी समजू नये. प्रत्येक निर्णयापाठी खटला उभा राहणार असेल तर न्यायाधीश निकाल देणार नाही, आमदार तोंड उघडणार नाही आणि सचिव सही करणार नाही. प्रश्न ढाल असावी की नसावी, हा नाहीच. ढाल घाव नाहीसा करीत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जातो. तेव्हा ज्या कायद्याने ढाल दिली, त्यानेच दोन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत : ढाल बाजूला करण्याचा अधिकार कोणाकडे आणि झालेली इजा कोणी भरून द्यायची? आपल्या संसदेने गेल्या पाऊणशे वर्षांत ढाली पुष्कळ वाटल्या, परंतु या दोन प्रश्नांना बहुधा बगल दिली.

रिकाम्या बाकांसमोर दिलेले कवच

डिसेंबर २०२३ मधील उदाहरण घ्या. मुख्य निवडणूक आयुक्त व अन्य निवडणूक आयुक्तांच्या नियुक्तीचे विधेयक १२ डिसेंबरला राज्यसभेने आणि २१ डिसेंबरला लोकसभेने संमत केले. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी सदस्यांचे निलंबन झाले होते. लोकसभेत हे विधेयक आले तेव्हा विरोधी बाके बव्हंशी रिकामी होती. जी काही चर्चा देशभर झाली ती निवड समितीतून सरन्यायाधीशांना वगळण्याविषयी झाली, आणि ते स्वाभाविकच होते. कारण त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या समितीत सरन्यायाधीशांना बसविले होते. त्या गदारोळात मूळ मसुद्यात नसलेले, ऐनवेळी सरकारी दुरुस्तीने आलेले एक कलम कोणाच्या फारसे नजरेस आले नाही. कायद्यात त्याचा क्रमांक सोळा आहे.

हे कलम सांगते की, पदावर असलेल्या किंवा पूर्वी राहिलेल्या निवडणूक आयुक्ताने आपले अधिकृत कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीबद्दल किंवा उच्चारलेल्या शब्दाबद्दल कोणतेही न्यायालय दिवाणी वा फौजदारी कार्यवाही दाखल करून घेणार नाही. हा मजकूर १९८५ च्या न्यायाधीश संरक्षण कायद्याच्या वळणावर बेतलेला आहे, हे जाणकारांच्या लगेच ध्यानात येईल. न्यायाधीशाला जे मिळते ते निवडणूक आयुक्ताला का नको, असा युक्तिवादही करता येईल. आयुक्तांवर रोज उठून कोणी पराभूत उमेदवाराने फिर्याद गुदरली तर निवडणुका घेणे अशक्य होईल, हेही खरे.

तथापि, १९८५ च्या कायद्यात आणखी एक पोटकलम आहे. केंद्र वा राज्य सरकार, सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालय यांचा संबंधित न्यायाधीशावर दिवाणी, फौजदारी वा खातेनिहाय कारवाई करण्याचा अधिकार त्याने शाबूत ठेवला आहे. म्हणजे ऐऱ्यागैऱ्या पक्षकारापासून न्यायाधीशाला संरक्षण दिले, पण घराचे एक दार उघडे ठेवले. २०२३ च्या कायद्याने पहिले पोटकलम उचलले आणि दुसरे घेतलेच नाही. आयोगाचे आदेश न्यायालयात तपासले जाऊ शकतात, निवडणूक याचिकाही दाखल होऊ शकतात. पण व्यक्ती म्हणून आयुक्ताला कोणी, कोणत्या मार्गाने जाब विचारायचा, याचे उत्तर त्या कायद्यात नाही. ही चर्चा सभागृहात व्हायला हवी होती. ती करण्यासाठी समोर पुरेसे सदस्यच नव्हते.

मताचे स्वातंत्र्य आणि मताची किंमत

संसद सदस्यांनी स्वतःला दिलेल्या ढालीचा इतिहास अधिक बोलका आहे. राज्यघटनेच्या १०५ व्या अनुच्छेदानुसार सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल वा दिलेल्या मताबद्दल सदस्याला कोणत्याही न्यायालयात खेचता येत नाही. या विशेषाधिकाराची किंमत इंग्लंडमध्ये माणसांनी मोजलेली आहे. पहिल्या चार्ल्स राजाच्या विरोधात सभागृहात उभे राहिलेल्या सर जॉन इलियट यांना कैद झाली आणि १६३२ मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्येच त्यांचा अंत झाला. १६८९ च्या 'बिल ऑफ राइट्स'ने सभागृहातील भाषणाला न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढले, ते अशा अनुभवातून. राजाविरुद्ध बोलता यावे, यासाठी ती ढाल होती.

आपल्याकडे तिचा उपयोग कशासाठी झाला? २८ जुलै १९९३ रोजी नरसिंह राव सरकारविरुद्धचा अविश्वास प्रस्ताव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. सरकार चौदा मतांनी तरले. झारखंड मुक्ती मोर्चाच्या सदस्यांसह काही खासदारांना मतांसाठी पैसे दिले गेल्याचा आरोप पुढे झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९९८ मध्ये घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने दिलेला निकाल आजही वाचताना माणूस क्षणभर थबकतो. ज्यांनी पैसे घेऊन मत दिले असा आरोप होता, त्यांच्या मताला घटनेचे संरक्षण असल्याने त्यांच्यावर खटला चालणार नाही. ज्यांनी पैसे दिल्याचा आरोप होता, त्यांच्यावर चालेल. आणि ज्या आरोपी सदस्याने मतदानच केले नव्हते, त्यालाही संरक्षण नाही. लाच घेऊन दिल्या शब्दाला जागणारा सुरक्षित आणि न जागणारा आरोपीच्या पिंजऱ्यात, असा अजब व्यवहार घटनेच्या नावाने सिद्ध झाला. पैसे दिल्याच्या आरोपावरून नरसिंह राव आणि बुटासिंग यांना २००० मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरविले. २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांचीही मुक्तता केली. अशा रीतीने त्या अध्यायावर पडदा पडला.

तो निकाल बदलायला सव्वीस वर्षे लागली. २०१२ च्या राज्यसभा निवडणुकीत मतासाठी लाच घेतल्याचा आरोप झारखंडच्या आमदार सीता सोरेन यांच्यावर होता. आपल्या बचावात त्यांनी १९९८ च्या निकालाकडे बोट दाखविले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी एकमताने तो जुना निकाल रद्द ठरविला. लाच स्वीकारण्याचे मान्य केले त्याच क्षणी गुन्हा पूर्ण होतो. पुढे मत कोणाला दिले, दिले की नाही, याला महत्त्व नाही. सभागृहाच्या सामूहिक कामकाजाशी आणि सदस्याच्या आवश्यक कर्तव्याशी ज्याचा संबंध आहे तेवढ्यालाच विशेषाधिकार, अशी कसोटी पीठाने घालून दिली. त्याआधी २०२१ मध्ये केरळ विधानसभेत झालेल्या मोडतोडीच्या प्रकरणातही न्यायालयाने हेच सांगितले होते. खुर्च्या फेकणे हे विधिमंडळाचे कामकाज नव्हे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या सव्वीस वर्षांत ही विसंगती दूर करण्यासाठी कायदा करणे संसदेच्या हाती होते. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात दोन्ही सभागृहांनी मिळून अकरा सदस्यांची हकालपट्टी केली, म्हणजे आपल्या घरातील घाणीची संसदेला जाणीव नव्हती असे नाही. पण हकालपट्टी करणे वेगळे आणि आपली ढाल स्वतः आखूड करून घेणे वेगळे. ते काम शेवटी न्यायालयाला करावे लागले.

फाइलीवरील सही

आता दिल्लीतील आपल्या मराठी अधिकारी वाचकांच्या जिव्हाळ्याचा विषय. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा तर सरकारची पूर्वपरवानगी हवी, ही तरतूद ब्रिटिशांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. स्वतंत्र भारताच्या १९७३ च्या संहितेत ती त्याच क्रमांकाने, म्हणजे १९७ व्या कलमात, कायम राहिली. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती २१८ व्या कलमात आहे. सरकारच्या मंजुरीवाचून ज्यांना पदावरून दूर करता येत नाही, अशांनाच ती लागू पडते. त्यामुळे खालच्या पायरीवरील कर्मचारी बहुधा या छत्राबाहेर राहतो.

दुसरी ढाल तपासाच्याच दारात उभी आहे. सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांची चौकशी सीबीआयने सरकारच्या परवानगीशिवाय करू नये, असा एक प्रशासकीय आदेश होता. हवाला प्रकरणातील १९९७ च्या विनीत नारायण निकालाने तो रद्द झाला. २००३ मध्ये संसदेने तोच आशय कायद्यात आणला. २०१४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केले. भ्रष्टाचाराला वरचा व खालचा असा भेद नसतो, हा त्याचा गाभा. २०१८ मध्ये संसदेने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात १७-अ हे कलम घातले आणि भेदाचा आक्षेप टाळण्यासाठी सर्वच लोकसेवकांना ती सवलत दिली. अधिकृत निर्णय वा शिफारशीबाबत चौकशी सुरू करण्यापूर्वीच परवानगी घ्यावी लागते. लाच घेताना जागीच पकडलेल्याला मात्र ती ढाल नाही. म्हणजे टेबलाखालून हजार रुपये घेणारा लिपिक तत्काळ गजाआड जातो आणि फाइलीवरील एका शेऱ्याने कोट्यवधींचे पारडे फिरविल्याचा ज्याच्यावर आरोप आहे, त्याच्या बाबतीत आधी पत्रव्यवहार सुरू होतो.

जानेवारी २०२६ मध्ये या कलमावर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी ते घटनाबाह्य ठरविले. न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी ते टिकवले, पण परवानगीचा निर्णय सरकारने नव्हे तर लोकपाल वा लोकायुक्त यांच्याकरवी व्हावा, अशी अट घातली. मतभेद मोठा असला तरी एका मुद्द्यावर दोन्ही निकालपत्रे जवळ येतात. ज्या सरकारच्या कारभाराची चौकशी व्हायची, त्याच सरकारच्या मर्जीवर ती अवलंबून राहू नये.

अधिकाऱ्यांची बाजू हलकी लेखण्याचे कारण नाही. २०१७ मध्ये कोळसा खाणवाटपाच्या एका प्रकरणात माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता यांना विशेष न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा दिल्लीच्या मंत्रालयांतून उमटलेली अस्वस्थता अनेकांना आठवत असेल. प्रामाणिक म्हणून ज्यांची ख्याती होती, अशा माणसाची ही गत होत असेल तर सही कोण करील, असा तो प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. त्या वेळच्या कायद्यात, सार्वजनिक हित नसताना दुसऱ्याला आर्थिक लाभ मिळाला एवढ्यावरही गुन्हा ठरत असे. अप्रामाणिक हेतू सिद्ध करण्याची गरज नव्हती. खरी दुरुस्ती तेथे हवी होती आणि ती २०१८ मध्ये झालीही. ते पोटकलम वगळण्यात आले. गुन्ह्याची व्याख्या नेमकी झाल्यावर प्रामाणिक चुकीला कायद्यातच जागा मिळाली. मग तपासाच्या दारावर सरकारचा पहारा कशासाठी? प्रामाणिक अधिकाऱ्याला व्याख्येचे संरक्षण पुरते. मर्जीचे संरक्षण सत्तेच्या जवळ असलेल्याला मिळते. सरकार बदलले, मर्जी फिरली, की प्रामाणिक अधिकाऱ्याच्या हातातून ती ढाल सर्वांत आधी काढून घेतली जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

परवानगीच्या अर्जावर निर्णयच न घेणे, हा तर या व्यवस्थेचा जुना आजार. टूजी प्रकरणात तत्कालीन मंत्री ए. राजा यांच्यावरील खटल्याच्या परवानगीचा अर्ज सोळा महिन्यांहून अधिक काळ निर्णयाविना राहिला. त्यावरील जानेवारी २०१२ च्या निकालात, मुदतीत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे समजावे, अशी सूचना न्या. अशोककुमार गांगुली यांनी संसदेला केली होती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने १२० दिवसांची मुदत घालून ती तत्त्वतः मान्य केली. उशिरा का होईना, हे पाऊल योग्य दिशेचे आहे.

घाव कोणाच्या अंगावर?

पण ही मुदत सगळीकडे लागू नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधील ओटिंग गावाजवळ कोळसा खाणीतील काम आटोपून पिकअप गाडीतून घरी निघालेले सहा मजूर लष्कराच्या गोळीबारात ठार झाले. ते अतिरेकी असल्याचा समज झाला होता. त्यानंतर उसळलेल्या संघर्षात आणखी गावकरी मृत्युमुखी पडले. राज्याच्या विशेष तपास पथकाने २०२२ मध्ये तीस जवानांवर आरोपपत्र ठेवले. सशस्त्र दले विशेषाधिकार कायद्याच्या सहाव्या कलमानुसार केंद्राची परवानगी आवश्यक होती. २०२३ मध्ये केंद्राने ती नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यवाही बंद केली. पुढे परवानगी मिळाल्यास खटला चालू शकेल, एवढी वाट मोकळी ठेवून. मणिपूरमधील मृत्यूंविषयी २०१६ मध्ये याच न्यायालयाने, लष्करी दलांना निरपवाद संरक्षण नाही, असे बजावले होते. तत्त्व म्हणून ते मोठे आहे. पण परवानगी नाकारण्यात आली की तत्त्व कागदावर राहते. अतिरेकी कारवायांच्या प्रदेशात जवान ज्या तणावाखाली काम करतो, तो दिल्लीत बसून तोलता येत नाही, हे मान्य. तरीही गाडीतील सहा जणांच्या घरच्यांना न्यायालयात उभे राहून 'काय घडले' एवढे विचारण्याचाही मार्ग उरू नये, हे कोणत्या न्यायात बसते?

सरकारच्या स्वतःच्या ढालीकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. २० सप्टेंबर १९४७ च्या रात्री अमृतसरच्या सराफी पेढीचे एक भागीदार, रलियाराम, सोने-चांदी विकण्यासाठी मेरठला उतरले. फाळणीचे दिवस. अनोळखी माणूस, जवळ मौल्यवान ऐवज. पोलिसांनी त्यांना संशयावरून अडवले, कोठडीत ठेवले, शंभर तोळ्यांहून अधिक सोने आणि दोन मणांवर चांदी ताब्यात घेतली. सुटका झाल्यावर चांदी परत मिळाली; सोने मिळाले नाही. मालखान्याची जबाबदारी असलेला हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात निघून गेला होता. पेढीने सरकारवर दावा लावला. सतरा वर्षांनी, सप्टेंबर १९६४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : पोलिसांचा निष्काळजीपणा खरा, पण अटक व जप्ती हा सार्वभौम सत्तेचा व्यवहार असल्याने सरकार नुकसानभरपाई देणे लागत नाही.

या तत्त्वाचे मूळ कंपनी सरकारात आहे. कलकत्त्याच्या एका गोदीत सरकारी कामगारांच्या हातून पडलेल्या लोखंडी तुकड्यामुळे एका घोड्याला इजा झाली, त्या दाव्यात १८६१ मध्ये 'सार्वभौम' आणि 'बिगर-सार्वभौम' कृत्यांचा भेद केला गेला. ज्या इंग्लंडकडून आपण हा वारसा घेतला, त्या देशाने १९४७ मध्येच, म्हणजे रलियाराम मेरठला अडकले त्याच वर्षी, स्वतंत्र कायदा करून राजसत्तेचे हे संरक्षण मोठ्या प्रमाणात सोडून दिले. आपण ते राज्यघटनेच्या ३०० व्या अनुच्छेदाच्या वाटेने घरात ठेवून घेतले.

तो १९६४ चा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. निकाल त्यांनी कायद्यानुसार दिला, पण त्याबद्दलची आपली अस्वस्थता लपविली नाही. ही स्थिती बदलण्याचा उपाय विधिमंडळाच्या हाती आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. विधी आयोगाने तर १९५६ मधील आपल्या पहिल्याच अहवालात अशा कायद्याची शिफारस केली होती. १९६५ मध्ये विधेयक आले, १९६७ मध्ये सुधारून पुन्हा आले आणि लोकसभा विसर्जित झाली तेव्हा व्यपगत झाले. पुन्हा कोणत्याही सरकारने त्याला हात लावला नाही.

दरम्यान न्यायालयांनी आपल्या परीने पोकळी भरली. निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या रुदल शाह यांना १९८३ मध्ये, आणि पोलीस कोठडीनंतर मुलाचा मृतदेह रेल्वेमार्गावर सापडलेल्या ओडिशातील नीलाबती बेहेरा यांना १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मिळवून दिली. मूलभूत हक्क पायदळी तुडविले गेले असतील, तर सार्वभौमत्वाची सबब चालणार नाही, हे तत्त्व त्यातून रुजले. परंतु ही दाद म्हणजे न्यायालयाची उदारता आहे. नागरिकाच्या हातातील कायदा नव्हे. किती भरपाई, कोणत्या प्रसंगी, किती दिवसांत, याचा कोणताही लिखित हिशेब नाही. ज्याला वकील परवडतो आणि ज्याची याचिका दाखल होते, त्याच्यापुरती ती आहे. बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क देणारी आंतरराष्ट्रीय करारातील तरतूद तर भारताने १९७९ मध्ये राखीव ठेवूनच तो करार स्वीकारला.

पोटासाठी परमुलखात आलेल्या माणसाला मेरठची ती रात्र परकी वाटू नये. गाव सोडून दिल्ली, सुरत वा बंगळूर गाठलेल्या मराठी माणसाजवळ पद नसते, ओळख नसते आणि स्थानिक ठाण्यात शब्द टाकणारे कोणी नसते. अधिकारी वाचकालाही निवृत्तीनंतर एक दिवस याच रांगेत उभे राहायचे आहे. पदाबरोबर आलेली ढाल पदाबरोबर जाते. कल्याणसिंह यांना २०१७ मध्ये राज्यपालपदामुळे बाबरी प्रकरणाच्या खटल्यातून बाहेर ठेवले गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये पद संपताच त्याच महिन्यात त्यांच्यावर आरोप निश्चित झाले. पुढे २०२० मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, हा भाग वेगळा. ढालीला मुदत असली म्हणजे न्याय लांबतो, पण अडत नाही. आणि तसेच ते असले पाहिजे.

म्हणून विधेयक सभागृहात येईल तेव्हा त्या शेवटच्या पानावरील कलमापाशी थोडे थांबण्याची गरज आहे. संरक्षण कामाला आहे की माणसाला? 'सद्भावना' म्हणजे नुसता प्रामाणिकपणा, की दक्षताही? परवानगी देणारा कोण, किती दिवसांत देणार, नाकारली तर कारणे लेखी मिळणार का? आणि अधिकाऱ्याला सोडायचे ठरले, तरी ज्याचे नुकसान झाले त्याला सरकार भरून देणार का? शेवटच्या प्रश्नाला 'हो' असे उत्तर देणारा कायदा झाला, तर अधिकाऱ्याला व्यक्तिशः कोर्टात खेचण्याची निकडही पुष्कळ कमी होईल. ज्याला दाद मिळाली, तो सूड शोधत नाही. म्हणजे असा कायदा प्रामाणिक अधिकाऱ्यांच्याही हिताचाच आहे.

त्यासाठी संसदेला नवे काही शोधून काढायचे नाही. १९५६ चा अहवाल ग्रंथालयात आहे, १९६७ चे विधेयक दप्तरात आहे. एका मराठी सरन्यायाधीशाने सहा दशकांपूर्वी संसदेकडे मागितलेले उत्तर तेवढे अजून यायचे आहे.